किती सालापासून राहता?

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक तासाभरात आटपायची ती रात्री दहापर्यंत चालली. कारण होतं एक साधा अर्ज. आम्ही राहतो घाटकोपर पश्चिमेला, डोंगरउतारावरच्या वस्तीत. दोन वर्षांपूर्वी बिहारहून आलेली, पोळ्या लाटायची कामं करणारी एक बाई आमच्या गटात येऊ इच्छित होती.

झालं! एक म्हणाली, "आपण तीस-तीस वर्षं इथे आहोत, ही कालची." दुसरी म्हणाली, "हे लोक आले आणि नळाचा जोर गेला." तिसरी म्हणाली, "आता तर रेशनसुद्धा आपल्याच दुकानातून उचलतात." चौथीचा प्रश्न वेगळा होता, "उद्या गावी निघून गेली तर कर्ज मागायला कुठे जायचं?"

आमच्यातल्या सर्वांत वयस्कर आक्का तोवर गप्प होत्या. त्या इतकंच म्हणाल्या, "मी आले तेव्हा मलाही हेच म्हणत होते. फक्त मराठीतून." त्यावर कुणालाच पटकन बोलता आलं नाही. म्हणून आज त्या रात्रीचा एकेक प्रश्न सुटा करून बघू या.

आधी थोडं मागचं. आक्का परभणीकडच्या. त्यांच्या आईवडिलांच्या लहानपणी परभणी हा जवळजवळ दुसरा मुलूखच होता. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. तिथे चालायचा हाली सिक्का आणि हद्दीवर जकात घ्यायला करोडगिरीचे नाके. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली आणि मराठवाड्याचे तेव्हाचे पाच जिल्हे मुंबई राज्याला जोडले गेले. त्याच दिवशी विदर्भ आला, सौराष्ट्र आला, कच्छही आला. १ मे १९६० ला गुजरात वेगळा झाला आणि आपला महाराष्ट्र उभा राहिला.

म्हणजे बघा, घाटकोपर स्टेशनबाहेर फरसाण घेताना ज्यांची गुजराती कानावर पडते त्या कच्छी-काठियावाडी घरांचा मुलूख आणि आक्कांचा मुलूख एकाच दिवशी मुंबई राज्यात आले. त्यातली कित्येक गुजराती घरं तर त्याच्याही फार आधीपासून इथे होती. आणि आपण ज्या जमिनीवर उभ्या राहून "आम्ही मुंबईच्या" म्हणतो, ते घाटकोपर तरी मुंबई महापालिकेत कधी आलं? १९५० साली. मुलुंड तर १९५७ ला. १९६१ च्या जनगणनेत मुंबईतल्या शंभरातले सुमारे चौसष्ट लोक मुंबईबाहेर जन्मलेले होते. या शहरात जुना रहिवासी म्हणजे बहुतेक वेळा थोडा आधी आलेला पाहुणाच.

आक्का आल्या १९७२ च्या दुष्काळात. विहिरी आटल्या, जनावरं विकली, खडी फोडायच्या कामावर पोट भरेना, खायला मिलो आणि सुकडी. मराठवाड्यातून निघायचं, मनमाडला छोट्या गाडीतून मोठ्या गाडीत बसायचं आणि मुंबई गाठायची. इथे आल्यावर त्यांचं नाव पडलं "दुष्काळी". भाषा एकच, पण "व्हय" म्हटलं की नळावरच्या बायका हसायच्या. खोली बघायला गेलं की आधी गाव विचारायचे, मग आडनाव. आडनाव ऐकून काही दारं बंद व्हायची. तेव्हा परकेपणा फक्त राज्याच्या सीमेवर ठरत नाही, हे ध्यानात ठेवा. जात, बोली, गरिबी यांच्याही सीमा असतात, आणि नवं माणूस आलं की त्या सगळ्या एकदम जाग्या होतात.

आता पाण्याकडे येऊ. नळाचा जोर गेला हे खोटं नाही. आम्ही स्वतः पहाटे चारला उठतो. पण असं का होतं? डोंगरावर पाणी पंपाने चढवावं लागतं. जो आधी आला त्याने खालची सपाट जागा धरली, जो उशिरा आला तो वर गेला. वर गेलेल्याला पाणी कमी आणि धोका जास्त. जुलै २००० मध्ये आझाद नगरला दरड कोसळून साठाहून अधिक माणसं गेली, ती अशीच उतारावर राहणारी.

त्यात भर पडली तारखेची. झोपडी १ जानेवारी १९९५ च्या आधीची हवी, मग १ जानेवारी २००० च्या आधीची हवी, असे नियम होते. त्यानंतर आलेल्यांना रीतसर नळजोडणी नाही. पण माणसाला तहान तारीख बघून लागत नाही. मग तो टँकरचं महाग पाणी घेतो, शेजाऱ्याकडून हंड्यामागे पैसे मोजून घेतो, नाहीतर कुणीतरी पाइपला भोक पाडून देतं आणि त्याचे पैसे उकळतं. पाइप फुटला की जोर कुणाचा जातो? आपला. म्हणजे नव्या माणसाला न मोजल्याचा त्रास जुन्यालाच झाला.

पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये हेच सांगितलं, की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि झोपडी बेकायदा आहे एवढ्यावरून कुणाचं पाणी अडवता येणार नाही. पुढे २०२२ साली महापालिकेने "सर्वांसाठी पाणी" हे धोरण आणलं. मीटर लागला की तो माणूस हिशेबात येतो आणि बिलही भरतो. चोरून घेतलेल्या पाण्याचा कुठे हिशेबच नसतो.

रेशनचंही तसंच. "एक देश, एक रेशनकार्ड" योजनेत ऑगस्ट २०१९ मध्ये पहिल्यांदा शेजारशेजारची राज्यं जोडली गेली, आंध्र-तेलंगण आणि आपण-गुजरात. मग एकेक राज्य सामील होत २०२२ पर्यंत सगळा देश आला. बिहारच्या कार्डावर घाटकोपरच्या दुकानात धान्य मिळतं ते यामुळे. पण ते आपल्या वाट्यातलं नसतं. अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला पाच किलो ठरलेलं आहे. ते त्याने इथे उचललं की गावच्या खात्यातून तेवढं कमी होतं. अंगठा लावला की यंत्रात नोंद होते आणि त्या नोंदीवर दुकानदाराला पुढचा साठा मागता येतो. तेव्हा "बाहेरच्यांनी नेलं, माल संपला" असं दुकानदार म्हणाला, तर भांडण रांगेतल्या बाईशी करू नका. साठा मागवला का, ते दुकानदाराला विचारा.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. २००४ साली युरोपियन युनियनमध्ये पोलंड, हंगेरी, लिथुआनिया असे दहा नवे देश सामील झाले. त्यातल्या पूर्व युरोपच्या आठ देशांतल्या कामगारांना पहिल्या दिवसापासून मोकळा दरवाजा दिला तो फक्त ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन यांनी. जर्मनीने २०११ पर्यंत थांबायचं ठरवलं. ब्रिटन सरकारसाठी केलेला अंदाज होता वर्षाला फार तर १३ हजार माणसं वाढतील. प्रत्यक्षात इंग्लंड-वेल्समध्ये पोलंडमध्ये जन्मलेले लोक २००१ साली ५८ हजार होते, ते २०११ मध्ये ५ लाख ७९ हजार झाले. दहा वर्षांत दहापट!

२०१६ च्या मतदानात ब्रिटनने युनियन सोडायचं ठरवलं, आणि त्याच्या कारणांत हा राग मोठा होता. पण गंमत बघा. लंडनमध्ये परदेशी लोक सर्वांत जास्त, तरी लंडनने राहण्याच्या बाजूने कौल दिला. शेतात भाजी काढायला नवे मजूर झपाट्याने आलेल्या बॉस्टन या छोट्या गावाने सोडण्याच्या बाजूने ७५ टक्क्यांहून जास्त मतं दिली. म्हणजे राग नुसत्या आकड्याचा नसतो. माणसं किती वेगाने आली, आणि त्यांच्यासाठी शाळा, दवाखाने, घरं, पाणी यांची तयारी कुणी केली होती का, यावरही तो ठरतो. तयारी न करणारे दिसत नाहीत, समोर दिसतो तो नवा शेजारी.

मजुरीचं दुखणंही खरं आहे. नवी बाई तीन घरच्या पोळ्या कमी पैशात करते, मग आपलाही दर पडतो. पण तिला कमी पैसे देतं कोण? ती एकटी आहे आणि दर माहीत नाही, म्हणून ती स्वस्तात जाते. दर तिला सांगायला ती आपल्यात बसलेली हवी ना?

राहिला चौथा प्रश्न, कर्जाचा. तो आम्हाला सगळ्यांत रास्त वाटला, कारण तो कुणाच्या गावाबद्दल नव्हता, गटाच्या पैशाबद्दल होता. त्याचं उत्तर आमच्या वहीतच सापडलं. नव्या सभासदाने सहा महिने नुसती बचत करायची, त्यानंतर दोघी जामीन राहिल्या तरच कर्ज. हा नियम आम्ही स्वतःसाठी केला होता, कोकणातलीसाठी वेगळा आणि मराठवाड्यातलीसाठी वेगळा नव्हता. तोच तिलाही लावायचा ठरला. दोघी मात्र अजून नाराज आहेत, तेही सांगून टाकतो.

या महिन्यात तिने पहिले शंभर रुपये भरले. वहीत नाव लिहिताना आक्कांनी विचारलं, "कधीपासून राहतेस?" ती जरा घाबरली. आक्का म्हणाल्या, "अगं, तारीख लिहायची असते म्हणून विचारते."

तुमच्या गल्लीत असा वाद झाला असेल तर आम्हाला कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू.