‘क्रॉसओव्हर’ म्हणजे नेमकं काय? ब्राइटमन ते आशाताई

‘टाइम टू से गुडबाय’ हे गाणं कधी ना कधी कानावर पडलंच असेल. सारा ब्राइटमन ही सोप्रानो, म्हणजे बायकांमधल्या सर्वात उंच पट्टीत गाणारी गायिका. आंद्रेआ बोचेल्लीसोबत तिने हे गायलं आणि १९९६ मध्ये बॉक्सर हेन्री मास्केच्या निरोपाच्या लढतीनंतर जर्मनीत ते तुफान खपलं. १९९७ मध्ये याच नावाचा अल्बमही लाखोंनी विकला गेला. ऑपेराचा गळा आणि पॉपचा बाजार, यालाच ‘क्लासिकल क्रॉसओव्हर’ म्हणतात.

आपल्याकडे १९९६ मध्येच याच्या उलट घडलं. सिनेमाचा बाजार कधीच जिंकलेल्या आशा भोसले साठीनंतर शिष्या झाल्या. सरोदवादक उस्ताद अली अकबर खाँ यांच्याकडून त्यांनी ११ बंदिशी शिकून घेतल्या. कॅलिफोर्नियात रेकॉर्डिंग झालं. अल्बमचं नाव ‘लेगसी’.

यात अवघड काय? फिल्मी गाण्याची चाल संगीतकार ठरवतो, तीन-चार मिनिटांत विषय संपतो. रागात मात्र एकेका सुराला किती वेळ द्यायचा, हेच खरं गाणं. ‘लेगसी’ त्या दोन्हींच्या मधोमध आहे. बंदिशी आधीच बांधलेल्या, त्यामुळे याला पूर्ण ख्यालगायन म्हणता येणार नाही. तरीही ग्रॅमीचं नामांकन मिळालं. पुरस्कार मात्र आयरिश बँड चीफटन्सने नेला.

खपात ब्राइटमनच पुढे. धाडस मला आशाताईंचं मोठं वाटतं. फक्त हेडफोन लावून ऐका. जाम चौरस्त्यावर ट्रकांच्या हॉर्नमध्ये यातलं काहीच कळत नाही.