भीतीची भीती

अपघात होतो. पूर येतो. घराला आग लागते. प्रसंग येतो तसा निघून जातो. अंगावरची जखमही भरून येते. पण काही माणसांच्या मनाने घेतलेला धसका जात नाही. साधे भांडे पडले तरी छाती धडधडते. रात्री दचकून जाग येते. घरचे म्हणतात, "अहो, झालं गेलं, आता विसरा!" पण विसरू म्हटले की जास्तच आठवते. मग कोणी अंगारा आणतो, कोणी बाहेरची बाधा म्हणतो. माणूस बिचारा आणखी घाबरतो.

हे असे का होते, ते डॉक्टर क्लेअर वीक्स या बाईंनी फार सोपे करून सांगितले. त्या ऑस्ट्रेलिया देशातल्या सिडनी शहरच्या. जन्म १९०३ सालचा. आधी त्या प्राणिशास्त्र शिकल्या. काही सरडे अंडी न घालता पिल्लेच देतात, त्यांचा त्यांनी अभ्यास केला.

तरुणपणी त्या आजारी पडल्या. डॉक्टरांनी सांगितले, क्षय आहे. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. क्षयाच्या इस्पितळात त्यांनी बरेच दिवस काढले. पुढे कळले की क्षय नव्हताच! पण बाई घरी आल्या त्या धसका घेऊन. काळीज सारखे धडधडे. आपले हृदयच बिघडले, असे त्यांना वाटे.

त्यांचा एक मित्र पहिल्या महायुद्धात लढलेला होता. त्याने सांगितले, "आम्हा शिपायांचंही असंच होई. काळीज धडधडतं ते भीतीनं. आणि त्या धडधडीला तू भितेस, म्हणून ती थांबत नाही."

बाईंना वाट सापडली. पुढे त्या वैद्यकी शिकून १९४५ साली डॉक्टर झाल्या. धसका घेतलेली माणसे त्यांच्याकडे येऊ लागली. १९६२ साली त्यांनी या आजारावर पुस्तक लिहिले. ते देशोदेशी खपले.

त्या सांगत, भीती दोन असतात. पहिली आपोआप येते. आपल्या मूत्रपिंडांवर दोन लहान ग्रंथी आहेत. भ्यालो की त्यांतून एक रस रक्तात सुटतो. त्याने छाती धडधडते, घाम फुटतो, पाय लटपटतात. तो रस थोड्या वेळाने ओसरतो. पण तेवढ्यात माणूस म्हणतो, "अरे बापरे, आता मी मरतो!" ही दुसरी भीती. तिने आणखी रस सुटतो. झाले, चक्र फिरू लागले!

पहिली भीती आपल्या हातात नाही. दुसरी आहे. म्हणून बाईंनी चार गोष्टी सांगितल्या: भीतीपासून पळू नका. ती आली तर येऊ द्या. तिच्यावर तरंगा. आणि वेळ जाऊ द्या.

तरंगा म्हणजे काय? विहिरीत पोहायला शिकणारा पोरगा आठवा. हातपाय झाडतो तोवर बुडतो. अंग सैल सोडले की पाणीच त्याला वर धरते. तसेच हे. छाती धडधडते ना? धडधडू द्या. अंग सैल सोडा, सावकाश श्वास घ्या, हातातले काम हळूहळू चालू ठेवा. पहिल्या दिवशी गुण येणार नाही. घाई केली तर ती पुन्हा झुंजच झाली.

येऊ द्या म्हणजे सोसत बसा, असे मात्र नव्हे, बरं का! नवरा मारतो आहे, सावकार धमकावतो आहे, तर तिथे मदतच मागितली पाहिजे. छातीत दुखत असेल तर आधी डॉक्टरला दाखवावे. धसका फार असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर सरकारचा १४४१६ हा फोन आहे. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते.

वीक्सबाई १९९० साली वारल्या. म्हातारपणीही कधी कधी रात्री त्यांची छाती धडधडे. कोणी कीव केली तर त्यांना ते आवडत नसे. त्या ती धडधडू देत.