व्रत आजोबांचे, ताट नातवाचे

पंढरीची वारी करून आलेल्या ज्येष्ठांनी साठीच्या आसपास गळ्यात तुळशीची माळ घालावी आणि त्या दिवसापासून मांसाहार कायमचा वर्ज्य करावा, ही पश्चिम महाराष्ट्रातील अनेक घरांची जुनी रीत आहे. श्रावण पाळणे वेगळे आणि माळ घालणे वेगळे. श्रावणाला शेवट असतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलालाही तो ठाऊक असतो आणि ते दिवस मोजत राहते. माळेला तसा शेवट नाही. त्यातून स्वयंपाकघर एकच, रांधणारे हात बहुधा आजीचेच, आणि आजीनेही आजोबांबरोबर माळ घातलेली. व्रत दोघांनी घेतलेले असते, शाकाहारी मात्र सारे घर होते. मुलगा आणि सून नोकरीच्या निमित्ताने बाहेर पडतात. त्यांना हवे ते बाहेर मिळते. उरतो तो नातू किंवा नात.

“रविवारचा रस्सा बंद झाल्यापासून हा धड जेवतच नाही, एखादे टॉनिक द्या,” असे सांगत आजी-आजोबा दवाखान्यात येतात, तेव्हा मुलाच्या चेहऱ्यावर थोडा राग आणि थोडा अपराधी भाव असतो. ज्यांच्या हातचे खात तो वाढला त्यांनीच आपले आवडते जेवण काढून घेतले आहे, आणि त्याविषयी तक्रार करणे म्हणजे देवाविरुद्ध बोलण्यासारखे आहे, असे काहीसे त्याला वाटत असावे. कोणाच्या व्रताविषयी मत देणे हे वैद्याचे काम नव्हे, आणि नीट आखलेल्या शाकाहारावर मुले उत्तम वाढतात हेही खरे आहे. मात्र ‘नीट आखलेल्या’ या दोन शब्दांत पुष्कळ काही दडलेले आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्याकडील बहुसंख्य मांसाहारी घरांत मटण, कोंबडी किंवा मासे रोज शिजत नसत. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. म्हणजे मांस बंद झाल्याने मुलाचे जेवण सात दिवसांपैकी एक-दोन दिवसच बदलते. मग ते सातही दिवस ताटावरून का उठते? माझ्या अनुभवात याचे कारण असे, की मांसाबरोबर घरातून मसालाही जातो. पाट्यावरचे किंवा मिक्सरमधले ते काळपट, खमंग वाटण ‘त्या’ जेवणाशी इतके जोडलेले असते की त्याचा वासही नको, असे आजींना वाटू लागते. उरते वरण, बटाट्याची पिवळी भाजी आणि पोळी. रश्शाच्या आठवणीत बसलेल्या मुलाला हे जेवण आजारपणाचे वाटते.

मूल हळहळते ते मांसाच्या तुकड्यासाठी जितके, तितकेच त्या चवीसाठी. १९०८ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी समुद्री वनस्पतीच्या काढ्यातून ग्लुटामेट वेगळे केले आणि गोड, आंबट, खारट, कडू यांच्या जोडीला ‘उमामी’ ही आणखी एक चव असल्याचे दाखवले. मटणाच्या रश्शाचा ‘अंगाला लागणारा’ रसाळपणा बराचसा याच चवीचा असतो. ही चव मांसाच्या एकट्याच्या मालकीची नाही. पिकलेला टोमॅटो आणि अळंबी यांतही ती आहे. कांदा, सुके खोबरे आणि तीळ तांबूस होईपर्यंत भाजले की जो खमंगपणा येतो, तो उष्णतेने शर्करा आणि अमिनो आम्ले यांचा संयोग होऊन निर्माण होतो. त्यालाही मांसाची गरज नाही. लवंग, दगडफूल, धणे, मिरे आणि सुकी मिरची तर झाडा-झुडपांचीच. तात्पर्य, वाटण शाकाहारीच आहे. ते परत आणावे. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य असेल, तर सुके खोबरे, तीळ आणि शेंगदाणे नीट भाजून, टोमॅटो व हिंगाच्या आधारे रस्सा करता येतो. तो थोडा वेगळा लागेल, पण वरणासारखा खास नाही.

रश्शात काय घालावे, याचे उत्तर आपल्या प्रांतोप्रांतीच्या स्वयंपाकात आधीच आहे. जुन्नर-आंबेगाव भागातील मासवडी हे त्याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण. नावात मासा, ताटात मात्र हरभऱ्याची डाळ! उकळत्या पाण्यात तिखट-मीठ घालून बेसन घोटून घट्ट शिजवायचे, ओल्या फडक्यावर थापायचे, त्यावर भाजलेले तीळ, खोबरे, कांदा, लसूण व कोथिंबीर यांचे सारण पसरायचे आणि फडक्याच्याच आधाराने गुंडाळून माशासारखा आकार द्यायचा. मग काप कापून झणझणीत रश्शाबरोबर वाढायचे. काम किचकट आहे; गुडघे दुखणाऱ्या आजींनी एकटीने करू नये. सारण भरण्यासाठी आणि काप कापण्यासाठी नातवंडांना हाताशी घ्यावे. जे मूल स्वतः थापते, भरते आणि कापते, ते पहिला घास स्वतःहून घेते, असे पुष्कळदा दिसते.

विदर्भातील पाटवडी रस्सा याच घराण्यातला आणि थोडा सोपा. सांगली-कोल्हापूरकडच्या ढाब्यांवर मिळणारा अख्खा मसूर, मालवणी पद्धतीने काळ्या वाटाण्याचे सांबार, वालाच्या डाळिंब्या, ओल्या काजूगरांची उसळ: यांत दाताखाली काहीतरी येते, आणि मुलाला तेच हवे असते. सोयाबीनच्या वड्यांविषयी अनेकांची तक्रार असते की त्यांना उग्र वास येतो. त्या उकळत्या मिठाच्या पाण्यात भिजवून, दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन घट्ट पिळाव्यात. नंतर दही, आले, हळद आणि तिखट लावून अर्धा तास ठेवाव्यात आणि मगच रश्शात सोडाव्यात. न पिळता घातलेली वडी पाणचट लागते आणि मूल ती पुन्हा तोंडात घेत नाही.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे, कारण फसगत याच ठिकाणी होते. कच्च्या फणसाची भाजी, सुरणाचे किंवा नीरफणसाचे रवा लावून तळलेले काप, अळंबी हे पदार्थ चवीने आणि पोताने मांसाची किंवा माशाची आठवण करून देतात. प्रथिनांच्या बाबतीत मात्र ते मांसाची जागा घेत नाहीत. पनीरमध्ये प्रथिने भरपूर, पण लोह जवळजवळ नाही. म्हणून सुरणाचे काप केले तर सोबत मसूर हवा. फणसाची भाजी केली तर तीत हरभरा किंवा शेंगदाणे हवेत. रानातून आणलेल्या अळंब्या तर लहान मुलांना देऊच नयेत. विषारी आणि खाण्यायोग्य यांतला फरक जाणत्यांनाही चकवतो. बाजारात ‘मांसासारखे’ म्हणून मिळणारे गोठवलेले तयार पदार्थ अधूनमधून ठीक. त्यांतले मीठ आणि किंमत दोन्ही जास्त.

आता हिशेब. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ७ ते ९ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे २३ ग्रॅम, तर १० ते १२ वर्षांच्या मुलाला सुमारे ३२ ग्रॅम प्रथिने लागतात. ३० ग्रॅम कोरड्या कडधान्याची घट्ट उसळ घेतली तर त्यातून ६ ते ७ ग्रॅम मिळतात. पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर दुधातून साडेसहाच्या आसपास. दोन मध्यम पोळ्यांतून ५ ते ६. आणि २० ग्रॅम शेंगदाण्यांच्या लाडवातून किंवा चटणीतून ५. आठ वर्षांच्या मुलाची गरज येथेच भागली. शिवाय धान्य आणि कडधान्य एकाच दिवशी पोटात गेले की एकातील उणीव दुसरे भरून काढते. अट एकच: उसळ घट्ट हवी. पातळ वरणाच्या वाटीत डाळ दोन चमचे आणि पाणीच फार असते. अगदी लहान, चार वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे किंवा काजू देऊ नयेत, घशात अडकतात. कूट करून द्यावेत.

प्रथिनांची चिंता सगळेच करतात. माझी खरी चिंता लोहाची आणि ब-१२ जीवनसत्त्वाची असते.

मांसातील लोह शरीर सहज शोषते. वनस्पतींतील लोह त्या मानाने फारच कमी शोषले जाते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पाच वर्षांखालील मुलांपैकी सुमारे ६७ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला होता. म्हणजे आपली मुले आधीच काठावर उभी आहेत. आठवड्याचे ते एक-दोन घास गेले तर त्यांची भरपाई जाणीवपूर्वक करावी लागते. मसूर, मटकी, चवळी, बाजरी, राजगिरा, तीळ आणि अळीव यांत लोह असते. कडधान्य भिजवून मोड आणले की लोहाला अडवणारे घटक कमी होतात. त्याच जेवणात लिंबू पिळले, आवळा किंवा पेरूची फोड दिली, तर शोषण वाढते. टोमॅटो-कोकमाची आंबट आमटी लोखंडी कढईत शिजवली तर थोडे लोह तिच्यातूनही उतरते. मात्र शिजल्यावर ती कढईत ठेवू नये, दुसऱ्या भांड्यात काढावी. गुळाचा खडा आणि बीट यांच्यावर लोकांची फार श्रद्धा आहे. ते खावेत, वाईट नाहीत. पण लाल किंवा तपकिरी रंगावरून लोहाची भरती होते असे मानू नये.

आणि चहा. आजोबांच्या कपातला घोटभर चहा आणि त्यात बुडवलेली पोळी, हा नातवंडांचा लाडका न्याहारीचा प्रकार मी कित्येक घरांत पाहतो. चहातील टॅनिन लोहाचे शोषण मोठ्या प्रमाणात रोखते. हा लाड बंद करावा, निदान जेवणाच्या मागेपुढे तासभर तरी चहा नको. दुधाचेही थोडे असेच आहे. मूल जेवत नाही म्हणून दिवसभर दूधच पाजत राहिले की पोट भरते, जेवणाची भूक मरते आणि कॅल्शियममुळे लोहही नीट शोषले जात नाही. दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध लहान मुलाला नको.

परंतु दूध अजिबात नको असेही नाही, कारण ब-१२ वनस्पतिजन्य अन्नात भरवशाने मिळत नाही. अंडीही वर्ज्य असलेल्या घरात त्याचा नैसर्गिक स्रोत म्हणजे दूध, दही आणि पनीर. दिवसातून दोन पेले दूध किंवा तेवढेच दही पोटात गेले, तर मुलाची या जीवनसत्त्वाची बरीचशी गरज भागते. पाणीदार ताकाचा पेला या मोजणीत धरू नये.

अंड्याविषयी माझे मत विचाराल तर, घरात शिजवायचे नसेल तर मुलाने ते आत्याकडे, मावशीकडे किंवा शाळेत खाल्ले म्हणून घराच्या पावित्र्याला बाधा येते असे मला वाटत नाही. मासे-मटणाचेही तसेच. हा निर्णय अर्थात मुलाच्या आई-वडिलांनी आणि ज्येष्ठांनी मिळून, शांतपणे बसून घ्यावा. एकदा तो घेतला की घरी परतलेल्या मुलाची उलटतपासणी करू नये. आणि ‘असले खाणारे पापी असतात’ हे वाक्य तर कटाक्षाने टाळावे. मागच्या वर्षापर्यंत आजीनेच प्रेमाने वाढलेल्या ताटाविषयी मुलाला लाज वाटावी, हे बरे नव्हे.

भरवण्याच्या बाबतीत एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलेली कामाची वाटणी मला पटते: काय, केव्हा आणि कोठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. आपल्या घरांत नेमके उलटे चालते. जेवणाआधी अर्धा तास बिस्किटे आणि चिवडा मिळतो आणि जेवताना ‘एवढा घास आजीचा’ म्हणून सक्ती होते. मधले चरणे थांबवावे, ताट ठरल्या वेळी वाढावे, त्यात मुलाला आवडणारा एक तरी पदार्थ असावा आणि नवा पदार्थ चमचाभरच असावा. नवी चव अंगवळणी पडायला आठ-दहा, कधी पंधरा वेळाही ती समोर यावी लागते. दोनदा नाकारली म्हणून सोडून देऊ नये, आणि रागावूही नये. सोयाबीनची वडी ‘हे मटणच आहे’ असे सांगून खाऊ घालू नये. मुले लगेच ओळखतात, आणि मग खऱ्याखुऱ्या उसळीवरही विश्वास ठेवत नाहीत. रविवारचा थाट मात्र राखावा. रस्सा, भाकरी, कापलेला कांदा, लिंबाची फोड आणि सगळे एकत्र पंगतीला, हे मटणाशिवायही होऊ शकते.

इतके करूनही मूल फिकट दिसू लागले, खेळताना लवकर दमू लागले, जीभ गुळगुळीत किंवा लाल झाली, माती, खडू किंवा कच्चे तांदूळ खाऊ लागले, अथवा सहा महिन्यांत वजन-उंची पुढे सरकली नाही, तर डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि ब-१२ तपासून घ्यावे. जंतांचे औषध वर्षातून दोनदा शाळेत किंवा अंगणवाडीत मिळते, ते चुकवू नये. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळीही, ५ ते ९ वर्षांसाठी गुलाबी आणि १० ते १९ वर्षांसाठी निळी, मुलाने खरोखर गिळली का, हे विचारावे. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने लोहाचे टॉनिक आणू नये. घरात लोहाच्या गोळ्या असतील, आजींच्या असल्या तरी, तर त्या लहान मुलाच्या हाती लागणार नाहीत अशा उंच जागी ठेवाव्यात. जास्त प्रमाणात पोटात गेल्यास त्या जीवघेण्या ठरू शकतात.

नातवाचे रक्त तपासायला द्याल तेव्हा, माळ घातलेल्या आजी-आजोबांनो, स्वतःचेही ब-१२ तपासून घ्या. वयाबरोबर हे जीवनसत्त्व शोषण्याची शक्ती कमी होते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तासाठी रोजची गोळी वर्षानुवर्षे चालू असेल तर ते आणखी घटते, आणि आता मासे-मटणही बंद झाले आहे. पायांना येणाऱ्या मुंग्या, चालताना जाणारा तोल आणि वाढता विसराळूपणा हे सारे मधुमेहाच्या किंवा वयाच्या माथी मारून आपण गप्प बसतो. ब-१२ कमी निघाले, तर गोळी किंवा इंजेक्शन देऊन ते भरून काढता येते. मात्र नसांची हानी जुनी होण्याआधी ते कळायला हवे.