साखर उतरते तेव्हा मेंदूत काय होतं?

इन्सुलिन घेणारा माणूस पहाटे अंथरुणातच हातपाय झाडू लागला की घरात आधी शोधाशोध होते ती कांद्याची, नाहीतर चपलेची. ग्लुकोमीटर कपाटातच राहतो. मग 'यांना फिट्सचा आजार जडला' असा शिक्का बसतो. पण साखर उतरल्याने आलेला झटका म्हणजे अपस्मार नव्हे. फिट्सच्या गोळ्या सुरू केल्या आणि इन्सुलिनचा डोस तसाच ठेवला, तर झटका पुन्हा येणारच.

मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण ऊर्जेतला सुमारे पाचवा हिस्सा एकटा खातो. त्यातली बरीचशी पेशींच्या आतबाहेर सोडियम-पोटॅशियमचा तोल राखण्यात जाते, आणि मेंदूतले विजेचे संदेश याच तोलावर चालतात. 'साखर उतरली तरी अंगावर चरबी आहे की, ती जाळेल' असं म्हणणारे भेटतात. मेंदू चरबी थेट जाळत नाही. लांबलेल्या उपासात तो कीटोनवर भागवतो, पण इन्सुलिन जास्त झालेलं असताना यकृत तेही पुरेसे बनवत नाही.

ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखावर, हे सगळं उमटतं. डोळे मिटून शांत पडलेल्या जाग्या माणसात सेकंदाला 8 ते 13 वेळा उठणाऱ्या अल्फा लहरी दिसतात. साखर दर डेसिलिटर रक्तात 70 मिलिग्रॅमच्या खाली गेली की ती कमी धरतात; 54 च्याही खाली उतरत गेली की अल्फा मंदावतात आणि थीटा, डेल्टा या संथ लहरी वाढतात. माणूस जागा असतो, पण असंबद्ध बोलतो, चिडतो. कधी एक बाजूच लुळी पडते. बघणारे म्हणतात, प्यायलाय; नाहीतर, अर्धांगवायू झाला.

'घाम, थरथर झाली की कळतंच' यावरही विसंबू नये. ती खूण मुख्यतः अ‍ॅड्रेनलिन आणि चेतासंस्थेच्या धोक्याच्या घंटेची. साखर वारंवार उतरत असेल तर ती घंटा बोथट होते.

माणूस शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं. पेढा नको, त्यातलं तूप साखर रक्तात पोचायला उशीर लावतं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. आणि आकडा सुधारला म्हणून लगेच स्कूटरची किल्ली हाती देऊ नये. विचारांचा वेग मागाहून येतो. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी चालू असेल तर साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, मूत्रपिंडं कमजोर असलेल्या म्हाताऱ्यांत तर जास्तच.