मधुमेह आणि किडनीचा रिपोर्ट : कोणता आकडा काय सांगतो?

तपासण्या दोन : रक्तातील क्रिएटिनिन (त्यावरून ईजीएफआर) आणि लघवीतील अल्ब्युमिन (एक प्रथिन) व क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर (एसीआर).

कधी : टाइप २ मध्ये निदान होताच, टाइप १ मध्ये निदानानंतर ५ वर्षांनी. पुढे दरवर्षी.

क्रिएटिनिन : स्नायूंतून तयार होणारा टाकाऊ पदार्थ. स्नायू कमी असलेल्या वृद्धांत किडनी मंदावली तरी आकडा ‘नॉर्मल’ दिसू शकतो.

ईजीएफआर : किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज. क्रिएटिनिन, वय व लिंग यांवरून काढतात. एकक : मिली प्रति मिनिट प्रति १.७३ चौरस मीटर.
- ९० किंवा अधिक : सामान्य
- ६० ते ८९ : किंचित कमी, लघवीत अल्ब्युमिन किंवा इतर दोष नसल्यास एवढ्यावरून किडनीविकार ठरत नाही
- ४५ ते ५९ : किडनीविकाराचा टप्पा ३ए
- ३० ते ४४ : टप्पा ३बी
- १५ ते २९ : टप्पा ४
- १५ पेक्षा कमी : टप्पा ५, किडनी निकामी

एसीआर (मिलिग्रॅम प्रति ग्रॅम) :
- ३० पेक्षा कमी : सामान्य ते किंचित वाढलेले
- ३० ते ३०० : मध्यम वाढ
- ३०० पेक्षा जास्त : तीव्र वाढ

लक्षात ठेवा :
- ईजीएफआर चांगला असतानाही एसीआर वाढलेला असू शकतो. म्हणून दोन्ही तपासण्या हव्यात.
- लघवीच्या साध्या पट्टी-तपासणीत थोडे अल्ब्युमिन सुटून जाते.
- ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग, मासिक पाळी, जोरदार व्यायाम किंवा फार वाढलेली साखर यांमुळे एसीआर तात्पुरता वाढतो.
- दीर्घकालीन किडनीविकाराच्या निदानासाठी दोष किमान ३ महिने टिकलेला असावा लागतो.
- सुरुवातीला बहुधा कोणतीही लक्षणे नसतात.