रानपिंगळा पाहायला जाण्याआधी

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या खकनार भागातील सागाच्या जंगलात रानपिंगळ्याची नोंद झालेली आहे. जेमतेम वीतभर उंचीचं हे घुबड भारताबाहेर कुठेही आढळत नाही. त्याला पाहायला सातपुड्यात जाणाऱ्यांनी काही समजुती आधीच तपासून घ्याव्यात, कारण त्या चुकल्या की त्रास पक्ष्याला होतो.

गैरसमज : रानपिंगळा कधीच नामशेष झाला.
वस्तुस्थिती : पक्षीशास्त्रज्ञ ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचं वर्णन केलं. १८८४ नंतर मात्र शंभरहून अधिक वर्षं खात्रीचा पुरावा मिळाला नाही. मेनर्ट्झहॅगन या संग्राहकाने चोरलेल्या जुन्या नमुन्यावर १९१४ साल आणि गुजरातमधल्या मांडवीचं नाव घातलं होतं. त्या खोट्या नोंदीने शोधणाऱ्यांची दिशाभूल झाली. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती नोंद बाजूला सारून खऱ्या नमुन्यांची ठिकाणं धरली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये बेन किंग व डेव्हिड ॲबट यांच्यासह शहाद्याजवळ पक्षी शोधून काढला. पुढे तो यावल, मेळघाट आणि तानसा इथेही आढळला.

गैरसमज : घुबड म्हणजे रात्रीच जायला हवं.
वस्तुस्थिती : रानपिंगळा दिवसाउजेडी शिकार करतो. सकाळी निष्पर्ण फांदीवर उघड्यावर बसून तो सरडे, उंदीर, नाकतोडे टिपतो. अंधारात टॉर्च घेऊन फिरण्याने फक्त जंगलाची झोपमोड होते.

गैरसमज : गावातला पिंगळा तोच हा.
वस्तुस्थिती : गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर ठळक पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्याचं असतं, छातीवर गडद तपकिरी पट्टा आणि खाली पांढरं पोट दिसतं.

गैरसमज : मोबाइलवर त्याचा आवाज वाजवला तर काय बिघडतं?
वस्तुस्थिती : तो आवाज ऐकून पक्ष्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा घुसला. मग तो शिकार आणि घरटं सोडून हद्द राखायला धावतो. विणीच्या काळात, म्हणजे साधारण ऑक्टोबर ते मे, हे पिल्लांच्या जिवावर बेतू शकतं. घरट्याच्या झाडाखाली तर थांबूच नये.

गैरसमज : घुबड अशुभ, किंवा त्याच्या बळीने धन मिळतं.
वस्तुस्थिती : दोन्ही अंधश्रद्धा आहेत. रानपिंगळ्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिलं आहे. त्याला पकडणं, विकणं, मारणं हा गुन्हा आहे.

गैरसमज : नवी रोपं लावली की तो वाचेल.
वस्तुस्थिती : तो जुन्या झाडांच्या ढोलीत अंडी घालतो आणि अशी ढोली तयार व्हायला अनेक दशकं लागतात. बुऱ्हाणपूरच्या जंगलात अतिक्रमणासाठी झाडं तोडली गेली, तेव्हा गावकऱ्यांनीही विरोध केला. तो विरोधच रानपिंगळ्याच्या सर्वांत कामाचा आहे. उभी जुनी झाडं राखली, तरच तो इथे टिकेल.