राजा व्हायचंय, पण राज्य नको!

‘वन पीस’मधला लुफी उठता-बसता एकच सांगतो, मी चाच्यांचा राजा होणार! पण त्याला ना सिंहासन हवंय, ना सत्ता. त्याच्या लेखी राजा म्हणजे समुद्रावरचा सगळ्यात मोकळा माणूस. एइचिरो ओडा यांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या या मांगात कायदा जागतिक सरकारचा, आणि त्याच सरकारच्या आशीर्वादाने ‘सेलेस्टियल ड्रॅगन’ माणसं विकत घेतात. त्यातला एक जण मित्रावर गोळी झाडतो, तेव्हा लुफी सरळ त्याच्या तोंडावर ठोसा हाणतो. आपण टाळ्या वाजवतो.

म्हणजे कायदा मोडणारा तोच हिरो? थांबा. ब्लॅकबिअर्डही चाचाच. स्वप्नांच्या गप्पा तोही मारतो, पण एका फळासाठी आपल्याच जहाजावरच्या थॅचला संपवतो. लुफी मात्र सोबत्यांसाठी स्वतःचा जीव धोक्यात घालतो.

खऱ्या चाच्यांनाही नियम चुकले नव्हते. अठराव्या शतकात बार्थोलोम्यू रॉबर्ट्सच्या जहाजावर ते चक्क लेखी होते: प्रत्येकाला मत, पैशांचा जुगार बंद, हात-पाय गमावणाऱ्याला भरपाई.

तेव्हा ‘नो रूल्स’चं स्टेटस जरूर टाका. फक्त एक सांगा, तुमच्या जहाजावर मत कोणाकोणाला?